हजेरीपटावरची झाडं

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा. किल्ल्यापासून उतरत येणारा रॉयल माइल नावाचा जुना रस्ता जिथे संपतो, तिथे हॉलिरूडचा राजवाडा आहे. ब्रिटनच्या राजघराण्याचं स्कॉटलंडमधलं हे अधिकृत निवासस्थान. राणी एलिझाबेथ उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला यायच्या आणि वाड्यामागच्या बागेत हजारो पाहुण्यांना चहाला बोलवायच्या. एरवी पर्यटक तिकीट काढून वाडा बघतात. या बागेत दोन झाडं होती. उंची शंभर फुटांना थोडीशीच कमी, फांद्या जमिनीकडे झुकलेल्या, पानं मोठी आणि तुकतुकीत. २०१६ साली एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या शास्त्रज्ञांनी पाहणी करताना त्यांच्याकडे नीट बघितलं. ती वेंटवर्थ एल्म निघाली. ही जात ब्रिटनमधून संपली, असंच तोवर सगळे धरून चालले होते.

‘नामशेष झाड सापडलं’ अशा बातम्या मग आल्या. त्या वाचताना मला हसू आलं होतं. शंभर फुटी झाड, तेही राजाच्या परसात, सापडतं म्हणजे काय? काखेत कळसा आणि गावाला वळसा. झाडं आपल्या जागी मजेत उभी होती. गहाळ झालं होतं ते त्यांचं नाव. आणि मला वाटतं, झाडांच्या बाबतीत नाव गहाळ होणं ही किरकोळ बाब नाही. झाड वाचवण्याचं निम्मं काम नावं, नोंदी आणि दर वर्षीची कंटाळवाणी हजेरी यांचंच असतं. त्यासाठी माणसं आणि पैसा लावायला मात्र सरकारं, तिथली काय नि इथली काय, सहजी तयार होत नाहीत. रोप लावताना फोटो निघतो, हजेरी घेताना निघत नाही.

या दोन झाडांची कागदावरची गोष्ट अशी. १९०२ साली बर्लिनच्या श्पेट रोपवाटिकेतून बोटॅनिक गार्डनमध्ये वेंटवर्थ एल्मची तीन रोपं आली. श्पेट हे तेव्हाचं बडं प्रस्थ. १७२० साली सुरू झालेली ही रोपवाटिका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या सर्वांत मोठ्या रोपवाटिकांत गणली जायची. बर्लिनचा तो भागच आजही ‘बाउमशुलनवेग’, म्हणजे रोपवाटिकेचा रस्ता, या नावाने ओळखला जातो. तीन रोपं आली, त्यांची आवक नोंदली गेली. एक बागेतच मोठं झालं आणि १९९६ साली एल्मवरच्या रोगाच्या साथीत गेलं. उरलेल्या दोन रोपांचा मात्र पुढे पत्ता नाही. ग्रामपंचायतीच्या वहीत जन्म लिहिलेला, मृत्यू लिहिलेला नाही आणि माणूस तर गावात दिसत नाही, तसा प्रकार. राजवाड्यातली दोन झाडं ती हीच असावीत, रोपं बागेत थोडी वाढवून मग वाड्यावर नेऊन लावली असावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. अंदाज पटण्यासारखा आहे. दोन्ही बागांमध्ये दीडेक मैलाचं अंतर. एका माळ्याने दुसऱ्या माळ्याला दोन रोपं दिली असतील. अशा देवघेवीची पावती कोण फाडतो?

आता ‘जात’ हा शब्द इथे कोणत्या अर्थाने येतो, ते आधी स्पष्ट करायला हवं, कारण सगळा वाद तिथेच आहे. आंबा खाणाऱ्या माणसाला हे समजावणं सोपं. कोयीपासून आलेला तो रायवळ. प्रत्येक झाड वेगळं, एकाचा गर धाग्याचा, एक आंबटढाण, एखादं साखरेसारखं. आणि हापूस म्हणजे कलम. खुंट कोणताही असो, वरची काडी हापूसच्याच झाडाची लागते, म्हणून देवगडच्या एका बागेतला हापूस आणि दुसऱ्या बागेतला हापूस रक्ताने एकच. वेंटवर्थ एल्म हा या हिशेबाने हापूस आहे. स्कॉटलंडच्या डोंगरात आपल्या बियांतून उगवणारा विच एल्म हा तिथला रायवळ. वेंटवर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बागवानांच्या बाजारात आला, त्याच्या झुकत्या फांद्या लोकांना आवडल्या आणि तो कलमांनी पसरला. म्हणजे राजवाड्यातली झाडं दिसायला दोन, पण जीवशास्त्राच्या हिशेबाने एकच.

एल्म आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, कारण तो महाराष्ट्रात नाही. पण त्याचा एक नातेवाईक आहे. वावळ. एल्मच्याच कुळातला, इंग्रजीत त्याला ‘इंडियन एल्म’च म्हणतात. मार्चच्या शेवटी वावळाखालून जाताना पायाखाली पापुद्र्यासारख्या गोल चकत्या कुरकुरतात, मधोमध एक बी आणि भोवती कागदी पंख. एल्मचं फळ थेट असंच. वाऱ्याच्या झुळकीसरशी शेकड्यांनी उडतं. अॅमस्टरडॅमच्या कालव्यांच्या काठाने एल्म आहेत आणि वसंतात तिथल्या पाण्यावर या चकत्यांची साय धरते.

एके काळी इंग्लंडच्या खेड्यांचं क्षितिजच एल्मचं होतं. लाकूड पिळदार नसांचं, सहजासहजी न चिरणारं, म्हणून बैलगाडीच्या तुंब्यासारखा चाकाचा मधला भाग त्याचा करत. सतत ओलं राहिलं तर ते कुजत नाही, म्हणून पोकळ केलेल्या एल्मच्या ओंडक्यांतून शहरांना पाणी जायचं. शवपेट्याही त्याच्याच. जन्मापासून सरणापर्यंत म्हणतात तसं.

मग साथ आली. पहिली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात. रोगाला ‘डच एल्म डिसीज’ म्हणतात, आणि हे नाव म्हणजे कृतघ्नपणाचा नमुना आहे. रोग हॉलंडचा नाही. हॉलंडमध्ये योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत बेआ श्वार्त्स या तरुण संशोधिकेने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यामागची बुरशी शोधून काढली आणि पुढे क्रिस्तिने बाउसमन हिने ते निर्विवाद सिद्ध केलं. तीन बायकांनी निदान केलं आणि दुखणं त्यांच्या देशाच्या नावावर चढलं. असो. ही पहिली साथ पुढे ओसरली. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये तज्ज्ञांचा सूर असा होता की, धोका टळला. दशक संपायच्या आत उत्तर अमेरिकेतून आलेल्या एल्मच्या ओंडक्यांबरोबर त्याच बुरशीची जहाल भावंडं ब्रिटनमध्ये उतरली. ओंडक्यांना साल होती, सालीखाली भुंगेरे होते, भुंगेऱ्यांच्या अंगावर बुरशी होती. पुढच्या काही दशकांत ब्रिटनमधले अडीच कोटींहून जास्त एल्म मेले.

हे मरण कसं येतं, ते बघण्यासारखं आहे. भुंगेरा जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो कोवळ्या डहाळ्यांच्या बेचक्यात साल कुरतडतो आणि त्या जखमेतून बुरशी आत शिरते. झाड तिला अडवायला स्वतःच्याच रसवाहिन्या बुजवत जातं. बुजवता बुजवता पाणीच वर चढेनासं होतं. जूनमध्ये हिरव्यागार माथ्यात एकच फांदी अचानक पिवळी पडते; तिथली माणसं त्याला झेंडा म्हणतात. त्या फांदीची डहाळी तोडून साल सोलली की पांढऱ्या लाकडावर तपकिरी रेघा दिसतात, आडवी कापली तर कडेने ठिपक्यांचं कडं. मेलेल्या झाडाच्या सालीखाली मादी एक उभा बोगदा कोरते, आणि अंड्यातून निघालेल्या अळ्या दोन्ही बाजूंना आपापले बारीक बोगदे कोरत जातात. साल उचकटली की लाकडावर गोम छापल्यासारखी नक्षी. या अळ्यांचे भुंगेरे होऊन बाहेर पडताना अंगावर बुरशी घेऊनच पडतात, आणि पुढच्या झाडाकडे जातात. शेजारशेजारच्या एल्मांची मुळं जमिनीखाली जुळलेली असतात, तो आणखी एक रस्ता.

इंग्लंडमध्ये हा कहर इतका का झाला, याचं उत्तर पुन्हा कलमाकडेच जातं. इंग्लिश एल्म बियांतून जवळजवळ वाढतच नाही. मुळांतून फुटवे येतात आणि त्यांची झाडं होतात. २००४ साली माद्रिदच्या संशोधकांनी दाखवून दिलं की, ब्रिटनमधले इंग्लिश एल्म आनुवंशिकदृष्ट्या एकाच झाडाच्या प्रती आहेत आणि ते झाड रोमनांनी आणलेलं. रोमन लोक द्राक्षाचा वेल एल्मवर चढवत. कोलुमेला या त्यांच्या शेतीवरच्या लेखकाने त्यासाठी शिफारस केलेला हाच तो एल्म. दोन हजार वर्षं एकच झाड माणसाने आणि मुळांनी मिळून लाखो ठिकाणी उभं केलं. मग एकाला जे झालं ते सगळ्यांना होणारच होतं. हापूसमध्ये साका धरतो तो काय एखाद्याच बागेत धरतो?

आता वेंटवर्थकडे परत येऊ, कारण इथे एक गोष्ट आहे जी बातम्यांत हवी तेवढी ठळक आली नाही. राजवाड्यातली दोन झाडं साथीतून वाचली म्हटल्यावर पहिला विचार येतो, यांच्या अंगात प्रतिकारशक्ती असेल. पण बोटॅनिक गार्डनमधलं तिसरं झाड आठवा. त्याच जातीचं, म्हणजे रक्ताने तेच. आणि ते १९९६ साली याच रोगाने गेलं. वेंटवर्थला रोग होतो, हे त्यानेच सिद्ध केलं. निसर्गाने नकळत एक प्रयोग करून ठेवला आहे: एकच झाड, एकच शहर, तीन जागा, एक मेलं, दोन जगली. तेव्हा जगलेल्या दोघांचं श्रेय त्यांच्या रक्ताला देता येत नाही. थोडं नशिबाला द्या. उरलेलं एडिंबराच्या नगरपालिकेला द्यावं लागतं.

एडिंबरा शहरात १९८० च्या दशकापासून दर वर्षी एल्मची तपासणी होते आणि रोगट झाड दिसलं की ते पाडलं जातं. एवढंच. यात कुठलं औषध नाही, शोध नाही, उद्घाटन नाही. माणसं हिंडतात, वर बघतात, पिवळा झेंडा दिसला की डहाळी सोलतात, झाडावर खूण करतात, आणि भुंगेरे बाहेर पडायच्या आत झाड कापून साल नष्ट केली जाते. हे एक वर्ष चुकवलं तर आधीच्या दहा वर्षांच्या मेहनतीवर पाणी. पण हे काम चालू राहिलं म्हणून त्या शहरात आजही काही हजार एल्म आहेत, आणि त्या हजारांच्या आडोशाला ही दोन अनोळखी झाडं वाचली. नगरपालिकेच्या लोकांना ती वेंटवर्थ आहेत हे माहीत नव्हतं; ते सगळ्याच एल्मची राखण करत होते. दुर्मीळ वाचवायचं असेल तर आधी सामान्य वाचवावं लागतं, असा मी याचा अर्थ घेतो. आपल्याकडे संवर्धन म्हटलं की एकदम दुर्मिळाच्या यादीवर उडी पडते. ही दोन झाडं तर कुठल्याच यादीत नव्हती.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ब्रायटन हे दुसरं उदाहरण. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगरधारा, त्यामुळे भुंगेऱ्यांना थोडा अडसर. पण खरं काम तिथल्या पालिकेनेच केलं. आज तिथे सुमारे १७ हजार एल्म आहेत आणि हा संग्रह राष्ट्रीय ठेवा म्हणून ओळखला जातो. तिथल्या प्रेस्टन पार्कमध्ये दोन जुने एल्म होते, लोक त्यांना जुळे म्हणायचे. वय सुमारे चारशे वर्षं, जगातले सर्वांत जुने इंग्लिश एल्म म्हणून ख्याती, बुंधे पोकळ. २०१९ साली त्यातल्या एकाला रोग लागला आणि पालिकेने ते पाडलं.

चारशे वर्षांचं झाड पालिकेने पाडलं, हे वाक्य आपल्याकडच्या एखाद्या शहराबद्दल लिहून बघा. मोर्चा निघेल, झाडाला मिठ्या मारतील, न्यायालयात धाव घेतली जाईल. मी ते चूक म्हणत नाही. रस्तारुंदीच्या आणि बिल्डरच्या नावाखाली इतकी झाडं गेली आहेत की करवत दिसली की लोकांचा संताप होतो, आणि तो संताप कमावलेला आहे. पण त्यामुळे एक गोष्ट आपल्या बोलण्यातून निसटते: काही वेळा झाड पाडणं हेच झाडं राखणं असतं, आणि उशिरा पाडणं हे न पाडण्यासारखंच. प्रेस्टन पार्कचा तो जुळा भाऊ रोग घेऊन उभा ठेवला असता, तर दुसरा भाऊ आणि मग हजारो झाडं धोक्यात आली असती. हे समजायला नगरपालिकेवर विश्वास लागतो. तो विश्वास नोंदवहीतून येतो. ‘रोगट म्हणून पाडलं’ हे कारण कोणत्या झाडाला, कोणी, कधी, काय बघून लावलं हे सगळ्यांना बघता येत असेल तरच लोक मिठी सोडतील.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. ते पोकळ नाहीत.

पहिला असा की, वेंटवर्थ ही शेवटी शोभेची जात आहे. माणसाने हौसेने निवडलेली, कलमाने वाढवलेली, जंगलात जिचं कुठे काही अडलेलं नाही. ती गेली तर सृष्टीचं काय बिघडणार? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. एल्मवर जगणारं एक छोटं फुलपाखरू आहे, पंखाखाली इंग्रजी डब्ल्यूसारखी पांढरी रेघ असलेलं. त्याला एल्म हवा असतो, वेंटवर्थच हवा असं नाही. जैवविविधता या शब्दात बसवायला गेलं तर वेंटवर्थ नीट बसत नाही, हे मी मान्य करतो. पण मग जुनी पैठणीची वीणही सृष्टीसाठी आवश्यक नसते आणि गावोगावच्या रायवळ आंब्यांचीही नसते. एका गावच्या परसातला एकच लोणच्याचा आंबा, ज्याच्या कैरीला महिनाभर करकरीतपणा राहतो, तो पडला की आजीच्या लोणच्याची चव गेली. जगात आंबा संपला नाही. ज्यांना हे नुकसान नुकसान वाटत नाही, त्यांच्याशी मला वाद घालता येणार नाही. माझा वाद त्यांच्याशी आहे ज्यांना ते वाटतं, पण ‘काय करणार, काळाचा महिमा’ म्हणून जे सोडून देतात. कलमी जात वाचवणं हे कासव किंवा माळढोक वाचवण्याइतकं अवघड नसतंच. काडी घ्या, खुंटावर बांधा, दहा शहरांत दहा झाडं लावा. खर्च एखाद्या चौकातल्या कारंज्यापेक्षा कमी. अट एकच, काडी कुठली हे माहीत हवं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. काही जण म्हणतात, मानवी मदतीने रोगाळू झाडं जगवत ठेवणं म्हणजे व्हेंटिलेटर लावून ठेवणं. मरू द्यावं, जे बियांतून उगवतं त्यातलं काही सोसेल आणि पुढे तेच वाढेल. विच एल्मच्या बाबतीत यात तथ्य आहे. तो बियांतून येतो, दर पिढीला पत्ते पिसले जातात. पण इंग्लिश एल्मसारखा जो बियाच धरत नाही, तो कशातून सुधारणार? कुंपणांच्या कडेने त्याचे फुटवे आजही येतात, पंधरा-वीस वर्षं वाढतात, साल भुंगेऱ्याला चालेल एवढी जाड झाली की पुन्हा मरतात आणि मुळांतून पुन्हा फुटतात. निसर्गाला सोपवलं की तो सगळं सांभाळून घेतो हे वाक्य मला नेहमीच थोडं आळशी वाटत आलं आहे. ओंडके समुद्रापार नेणारा व्यापार निसर्गाने केला नव्हता.

आणि बियांतून पत्ते पिसायचे तर त्यासाठी सुद्धा पत्ते जपून ठेवलेले हवेत. इथे गोष्ट भारतात येते. हिमालयात एक एल्म आहे, उल्मस वॉलिचियाना. काश्मीरपासून पुढे डोंगरउतारांवर वाढतो, गुरांच्या चाऱ्यासाठी लोक त्याच्या फांद्या छाटतात. युरोपातल्या साथीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण हॉलंडमध्ये रोगाला तोंड देणारे एल्म तयार करायचं ठरलं, तेव्हा पैदासकारांनी त्याच्याशी संकर केले. १९७० च्या दशकात बाजारात आलेल्या लोबेल आणि डोडोन्स या डच वाणांच्या अंगात हिमालयाचं रक्त आहे. त्यांचे पैदासकार हान्स हायब्रूक १९६० साली स्वतः हिमालयात एल्म बघायला आणि गोळा करायला आले होते. ज्या झाडाच्या फांद्या आपण शेळ्यांपुढे टाकतो, त्याच्या काड्या एक माणूस जपून हॉलंडला नेतो, हे चित्र मला विसरता येत नाही. आणि आज हा हिमालयीन एल्म स्वतःच जागतिक यादीत धोक्यात आलेल्या झाडांमध्ये गणला जातो. त्याच्यावर भुंगेऱ्याची नाही, कोयत्याची साथ आहे. कोणत्या झाडाचा उपयोग कोणाला कधी होईल हे आधी कळत नसतं; म्हणूनच मला शोभेच्या आणि उपयोगाच्या झाडांत भिंत घालणं पटत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्यावर फार लिहीत नाही. तपासणी करणाऱ्या चार जाणकार माणसांचा पगार हा कोणत्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकात चुकून राहिलेल्या शून्याएवढा असतो. प्रश्न पैशाचा नाही, कामाच्या जातीचा आहे: जे दर वर्षी करावं लागतं, ज्याचा शेवट कधी होत नाही आणि जे नीट झालं तर काहीच घडत नाही, असं काम मागून कोणी निवडून येत नाही.

महाराष्ट्रात आपल्याला या बाबतीत कायद्याची कमतरता नाही. नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरणं आहेत आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची जबाबदारी आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला, आणि असं झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितलं. ही दुरुस्ती चांगल्या मनाने केलेली आहे. पण त्यातला हिशेब बघा. ऐंशी वर्षांचा वावळ गेला की ऐंशी रोपं. कशाची? वय मोजलं जातं, संख्या मोजली जाते. हे झाड कोण होतं, याच्या जोडीचं शहरात आणखी किती आहे, याची काडी कुठे जपली आहे का, हा प्रश्न त्या गणितात येत नाही. २०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपं लावायचं लक्ष्य जाहीर झालं होतं. देवांइतकी रोपं. देवांसारखीच त्यांचीही नावं फारशी कोणाला सांगता येणार नाहीत.

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून एक वावळ आहे. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा, साल राखाडी, पान चुरगाळलं की उग्र वास येतो. मागच्या वृक्षगणनेच्या वेळी एक तरुण मुलगा मोबाइल घेऊन आला होता. त्याने फीत लावून घेर मोजला, उंची अंदाजाने टाकली, बुंध्यावर आकड्याची पत्र्याची पट्टी खिळ्याने ठोकली. खिळा नको, तार बांध, असं मी म्हटलं तर तो म्हणाला, ‘‘काका, खिळेच दिलेत.’’ झाडाचं नाव टाकायची वेळ आली तेव्हा तो यादी खाली-वर सरकवत राहिला. वावळ सापडेना. माझ्यादेखत त्याने ‘इतर’ निवडलं.

त्याचा दोष नव्हता. त्याला झाडामागे पैसे मिळत होते, नावामागे नव्हते. दिवसाला किती झाडं होतात हे वर बघितलं जात होतं. मी त्याला पापडी उचलून दाखवली, मधली बी सोलून खायला दिली. आवडली त्याला. ‘‘लहानपणी खाल्लंय हे गावाला,’’ म्हणाला, आणि हसला. गावाला याला काय म्हणता, असं विचारलं तर चटकन ‘वावळा’ म्हणाला. म्हणजे नाव त्याला येत होतं. यादीला येत नव्हतं.

गणनेच्या फॉर्ममध्ये माझ्या मते तीन रकाने वाढायला हवेत. स्थानिक नाव, जसं माणूस सांगेल तसं. कलमी की बियांचं, कळत असेल तर. आणि मागच्या गणनेतला क्रमांक, म्हणजे पाच वर्षांपूर्वीचं झाड आणि आजचं झाड एकच आहे का हे पडताळता येईल. एडिंबराच्या त्या दोन रोपांचा धागा नेमका इथेच तुटला होता. गेलेल्या झाडासमोर ‘का गेलं’ हेही लिहावं. रोगाने, वादळाने, काँक्रीटने बुंधा आवळून, की रात्रीत. पाच वर्षांच्या अशा दोन याद्या शेजारी ठेवल्या की कोणत्या रस्त्यावर काय चाललंय ते वेगळं सांगावं लागणार नाही. वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलं आपल्याकडे आहेत, काम नाही म्हणून भलत्याच नोकऱ्या करतात. त्यांना झाडामागे नाही, महिन्यामागे पगार द्यावा आणि एकेका प्रभागाची झाडं वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे असू द्यावीत. तलाठ्याला जसं गावातलं प्रत्येक शेत ठाऊक असायचं, तसं.

त्या मुलाने शेवटी ‘इतर’च ठेवलं, यादीपुढे त्याचाही इलाज नव्हता. पण खाली शेऱ्याचा एक रकाना होता. त्यात त्याने मला विचारून विचारून, एकेक अक्षर दाबत, ‘वावळ’ लिहिलं. पट्टीवरचा आकडा मी उतरवून ठेवला आहे. पुढच्या गणनेला जो कोणी येईल, त्याला हा शेरा दिसतो का, ते बघायचं आहे.